दारावर पोलीस आले तर: बघ, वाच, मग सही कर

अनेक आशीर्वाद.

परगावी एकट्याने खोली घेतली आहेस, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

दार वाजलं की साखळी न काढताच विचार: नाव काय, हुद्दा काय, ठाणं कोणतं, काम काय? साध्या कपड्यांत असतील तर ओळखपत्र माग, बक्कल नंबर टिपून घे. शंका वाटली तर ११२ ला फोन करून खातरजमा कर. व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' करणारा मात्र भामटाच. तशी अटक कायद्यात नाही. फोन ठेव आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला कळव.

'जरा ठाण्यात चल' म्हणाले तर लेखी नोटीस माग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (अटक, झडती, तपास कसा करायचा हे सांगणारा कायदा) कलम ३५ ची नोटीस मिळाली, तर दिलेल्या वेळी हजर राहा. हजर राहणाऱ्याला अटक करायची तर कारणं नोंदवावी लागतात. गैरहजर राहिलं की तेच अटकेचं कारण होऊ शकतं.

झडतीला आले असतील तर वॉरंट वाच: पत्ता तुझाच आहे का, सही-शिक्का आहे का. वॉरंट नाही म्हणजे झडती बेकायदा, हा समज अनेकांना महागात पडतो. त्याच संहितेच्या कलम १८५ खाली तपास अधिकारी लेखी कारणं नोंदवून वॉरंटशिवायही झडती घेऊ शकतो. तेव्हा दारात आडवं होऊ नकोस, अंगाला हात तर मुळीच लावू नकोस. सरकारी कामात अडथळ्याचा वेगळा गुन्हा लागेल. 'माझी संमती नाही' एवढं शांतपणे सांग, बाजूला हो आणि डोळे उघडे ठेव.

कारण पुढे कोर्टात बोलतो तो पंचनामा. त्याला परिसरातले किमान दोन स्वतंत्र पंच लागतात. पंच पोलिसांनीच सोबत आणले असतील तर त्यांची नावं-पत्ते लिहून घे. उलटतपासणीत वकिलाला उपयोगी पडतील. कलम १०५ प्रमाणे झडतीचं चित्रीकरण व्हायलाच हवं. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ खरी लिहिली आहे का ते बघ. फोन जप्त केला तर 'एक काळा मोबाइल' एवढ्यावर भागवू देऊ नकोस: कंपनी, मॉडेल, दोन्ही आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लिहायला लाव आणि पाकीट तुझ्यासमोर सीलबंद करायला सांग. पासवर्ड सांगण्याआधी वकिलाशी बोल. कोऱ्या कागदावर सही नाही. अर्धवट रिकाम्या पानावर असेल तर मोकळ्या जागेत आडवी रेघ मारून घे. काही पटलं नाही तर सहीच्या वर तुझ्या अक्षरात तसं लिही. जप्तीच्या यादीची प्रत तिथेच माग, तो तुझा हक्क आहे. जबाबाचं वेगळं: तपासात साक्षीदार म्हणून पोलीस जो जबाब लिहून घेतात, त्यावर सही करायची नसते.

अटकच झाली तर कारणं लेखी आणि तुला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे पुन्हा बजावलं आहे. अटकेच्या पत्रकावर घरच्याची किंवा शेजारच्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. घरी कळवणं, वैद्यकीय तपासणी आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करणं बंधनकारक आहे. मारहाण झाली असेल तर डॉक्टरांना वळ दाखवून नोंद करायला लाव, दंडाधिकाऱ्यांनाही तोंडाने सांग.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. तो, एका वकिलाचा आणि घरचा नंबर आजच कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. फोन जप्त झाला की पाठ नसलेला एकही नंबर हाताशी राहत नाही.