हणजूणच्या (गोव्यातलं अंजुना) खडकांवर फोटो काढायला जातोयस तर आधी भरती बघ

अरे कॅमेरा कुठला नेऊ विचारतोयस, ते नंतर, आधी भरती-ओहोटीचं टायमिंग बघ, रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकतं, त्यामुळे काल जमलं म्हणून आज जमेलच असं नाही. सूर्यास्ताला ओहोटी असेल असा दिवस पकड, जांभ्याच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात आभाळ काय उतरतं! हिरवं शेवाळ दिसलं की पाय ठेवायचाच नाही, मी ठेवला होता, ट्रायपॉड वाचला पण गुडघा फुटला. शटर अर्धा ते एक सेकंद उघडं ठेव, परतणाऱ्या पाण्याच्या रेघा येतात. 30 सेकंद ठेवलं तर पाण्याचं नुसतं धुकं होतं, मला नाही आवडत. लेन्सवर खारे शिंतोडे उडणारच, कोरडे घासू नको, ओल्या फडक्याने टीप. पावसाळ्यात मात्र खाली उतरूच नको बाबा, वरूनच काढ.