मानमोडी : माणसाची की कोंबडीची?

प्रश्न कागल तालुक्यातल्या एका वाचकांचा आहे. घरातल्या जुन्या वहीत वंशावळ लिहून ठेवलेली आहे आणि पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढं 'मानमोडीत वारले' एवढाच शेरा आहे. साल नाही, तिथी नाही. मध्यंतरी त्यांच्या परड्यातल्या गावठी कोंबड्या आठवड्याभरात एकेक करून गेल्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मानमोडी आहे ही. लस टोचली नव्हती काय?" आता घरातली पोरं विचारताहेत, थोरले पणजोबा कोंबड्यांच्या रोगानं गेले काय? वाचकांनी त्याला आणखी दोन प्रश्न जोडलेत : या शब्दाचा खरा अर्थ कुठला, आणि बर्ड फ्लूला मराठीत मानमोडी म्हटलं तर चालेल का?

पोरांना आधी सांगून टाका, नाही. पणजोबांचे भाऊ इन्फ्लुएंझानं गेले. कोंबड्या बहुतेक राणीखेत रोगानं गेल्या. दोन्ही विषाणू, दोन्ही श्वासावाटे पसरणारे, पण एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

वहीत साल नाही असं तुम्ही म्हणता, पण मानमोडी हेच साल आहे. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत पहारा करणारे पोलीस शिपाई तापानं आडवे झाले, तिथून साथ शहरभर झाली. ती पहिली लाट सौम्य निघाली. सप्टेंबरपासून दुसरी आली ती मात्र काळ होऊन आली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावंच्या गावं अंथरुणाला खिळली. हिंदुस्थानात मिळून सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. यात म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं जास्त गेली, त्यामुळं तुमच्या वहीतल्या त्या भावापुढं मुलाबाळांची नावं नसतील तर नवल वाटू देऊ नका. आपल्याकडं तारखा अशाच सांगायची रीत होती. प्लेगात जन्मला, पटकीत गेला, मानमोडीच्या आदल्या वर्षी लग्न झालं. ऐकणाऱ्याला साल आपोआप कळायचं.

आता शब्दाकडं. घडण अगदी सरळ आहे : मान, मोडणे, आणि शेवटी ई. घरफोडी, डोकेफोडी यांच्याच साच्यातला. फरक एवढाच, की घरफोडीत फोडणारा कोणीतरी चोर असतो. मानमोडीत मोडणारा दिसत नाही, म्हणून रोगालाच कर्तेपण मिळालं.

या 'मोडणे'कडं जरा थांबून बघण्यासारखं आहे. मराठीला दुखण्याचं वर्णन करायचं झालं की हे क्रियापद हाताशी येतं. कणकण आली की अंग मोडून येतं. डेंग्यूला हाडमोड्या ताप म्हणतात. आणि सगळ्यात जुनी साक्ष म्हणजे मोडशी. आज मोडशी म्हणजे अपचन होऊन पोट बिघडणं, ओव्याच्या चिमटीवर भागणारं दुखणं. पण एके काळी हा शब्द पटकीसारख्या जीवघेण्या रोगाला लावत. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या १५६३ च्या ग्रंथात तो 'मोर्देशी' होऊन बसलेला आहे. पुढं फ्रेंचांच्या कानाला त्यात 'मोर द शियाँ' ऐकू आलं, म्हणजे कुत्र्याचं मरण! मोडून पडलेल्या माणसाचा शब्द असा पार कुत्र्यापर्यंत जाऊन पोचला. आपल्या भाषेतून बाहेर गेलेल्या शब्दांत माझा हा सगळ्यात आवडता आहे, विषय ओंगळ असला तरी.

आणि हे एकट्या मराठीचं वैशिष्ट्य नव्हे. चिकुनगुन्या हा शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला. अर्थ, वाकून मुडपून जाणं. सांध्यांनी आखडलेला माणूस जसा दिसतो तसं नाव. 'इन्फ्लुएंझा' मात्र वेगळ्या वाटेनं आला. इटालियनमध्ये त्याचा अर्थ प्रभाव, म्हणजे ग्रहताऱ्यांचा माणसावर पडणारा प्रभाव. तिकडं साथ आली की पंडितांनी आकाशाकडं बघून नाव दिलं, इकडं घरातल्या बाईनं उशाशी बसून दिलं. मला उशाशी बसून दिलेलं नाव जास्त खरं वाटतं.

कोंबडीची मानमोडी ही अक्षरशः मानमोडी आहे. राणीखेतचा विषाणू श्वासनलिकेत शिरतो, कोंबडी चोच उघडून घरघर करते, हिरवट पातळ हागते, आणि पुढं तो मज्जासंस्थेपर्यंत पोचला की मान पिळवटून एका अंगाला किंवा पाठीकडं वळते. कोंबडी आभाळाकडं बघत गोल गोल फिरते. आमच्याकडं परड्यात डालगं उचलल्यावर असली कोंबडी दिसली की आजी म्हणायची, "हिची मान मोडली, आता ही मान टाकती." दोन वाक्प्रचार लागोपाठ, आणि दोन्ही तंतोतंत. मोडणं हे लक्षण, टाकणं हा शेवट. हा रोग १९२६ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलला आणि जावात ओळखला गेला, त्यानंतर लवकरच कुमाऊँतल्या राणीखेतला. म्हणून जगात तो न्यूकॅसल, आपल्या देशात राणीखेत. पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटा लसीचा थेंब घालतात, मोठेपणी पुन्हा लस टोचतात. पोल्ट्रीवाल्यांना हे तोंडपाठ असतं. राहतात त्या परड्यातल्या चार-सहा कोंबड्या.

मग नाव कुणी कुणाकडून घेतलं? काही जण म्हणतात, माणसांची साथ आधी, तिची धास्ती इतकी की पुढं कोंबड्या मरायला लागल्यावर तेच नाव लावलं. मला हे पटत नाही. माणसाची मान मोडली म्हणजे ती लटकी पडली, डोकं धरवेना, कण्यातनं कळा आल्या. कोंबडीची मोडते म्हणजे पिळली जाते. चित्रं दोन आहेत, आणि मान व मोडणे हे शब्द तर घरोघरी पडलेलेच आहेत. एकच नाव दोन ठिकाणी आपापलं उगवायला काही अडचण नाही. (जुन्नरजवळ लेण्यांचा मानमोडीचा डोंगर आहे, तो या भानगडीत आणू नका.)

असे जुळे शब्द मराठीत आणखी आहेत. घटसर्प घ्या. लहान मुलांच्या घशात पडदा धरणारा तोही घटसर्प, आणि पावसाळ्याच्या तोंडाला म्हशीचा गळा सुजवून एका दिवसात लोळवणारा तोही घटसर्प. जिवाणू निरनिराळे, पण गळा आवळलेला दोघांचाही. देवी माणसाला येत, कोंबडीच्या तुऱ्यावरही येतात.

याच्या उलटची जोडी तर फारच मजेची आहे. पोरांना येणारा गोवर आणि बैलांना हगवणीनं संपवणारी बुळकांडी, यांच्या नावांत काडीचं साम्य नाही. पण विषाणूंच्या कुळात हे जवळचे भाऊ. गोवर हा बुळकांडीच्याच पूर्वजापासून फुटून माणसांत स्थिरावला. बुळकांडी २०११ मध्ये जगातून कायमची गेल्याचं जाहीर झालं, गोवर अजून आहे. आणि गंमत म्हणजे कोंबडीची मानमोडी, गोवर आणि गालगुंड हे एकाच मोठ्या कुळातले. इन्फ्लुएंझाचं कूळ वेगळं. म्हणजे तुमच्या परड्यातल्या रोगाचं नातं लावायचंच तर ते थोरल्या पणजोबांच्या तापाशी लागत नाही, धाकट्या नातवाच्या गोवराशी लागतं.

आता बर्ड फ्लू. त्याला मानमोडी म्हणू नये असं माझं मत, आणि कारण भाषेचं कमी, व्यवहाराचं जास्त आहे. बर्ड फ्लूनं मरणाऱ्या कोंबडीचीही मान वळू शकते, तुरा काळानिळा पडतो, कधी काही दिसायच्या आतच खुराड्यात सडा पडतो. नुसत्या डोळ्यानं दोन्ही वेगळे ओळखणं डॉक्टरांनाही जमत नाही. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातात, तिथं ठरतं. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा कोंबड्या लाखांनी माराव्या लागल्या. अशा रोगाला घरचं, ओळखीचं नाव दिलं की माणूस "मानमोडीच हाय, हुतंय असं" म्हणून मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकून मोकळा होतो. एकदम बऱ्याच मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं असतं. इथं परका शब्द परका राहिलेलाच बरा.

तसा 'बर्ड फ्लू' हाही शब्द काही धड नाही. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंना बर्ड फ्लूच्याच एच५एन१ विषाणूची लागण झाली आणि बातम्यांत 'गाईंना बर्ड फ्लू' असं लिहायची पाळी आली. बर्ड फ्लू ज्यातला, त्या इन्फ्लुएंझा ए विषाणूचं मूळ घर रानातले पाणपक्षी. तिथून तो कोंबडी, डुक्कर, घोडा, माणूस असा हिंडतो, त्यामुळं कुठल्याही एका प्राण्याच्या नावावर त्याचा सातबारा करता येत नाही. १९१८ च्याच हिवाळ्याआधी अमेरिकेतल्या आयोवात कोएन नावाचे पशुवैद्य म्हणाले, डुकरांना आलाय तो आणि माणसांना आलाय तो, रोग एकच. डुक्करवाले त्यांच्यावर खवळले. १९३१ मध्ये रिचर्ड शोप यांनी डुकरांतला विषाणू दाखवला. १९३३ मध्ये लंडनला माणसातला सापडला, तो फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला आजारी पाडून. पुढं असंच एक फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि साहेबांना फ्लू झाला. २००९ मध्ये पुन्हा तोच तमाशा. 'स्वाइन फ्लू' म्हटल्यावर डुक्करवाले पुन्हा खवळले आणि जागतिक आरोग्य संघटनेनं नाव बदलून एच१एन१ केलं. आपल्याकडं पुण्यात त्या ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी गेला, तोवर 'स्वाइन फ्लू' सगळ्यांच्या तोंडात बसला होता आणि अजून बसलेला आहे. २०१५ मध्ये संघटनेनं सूचनाच काढली की नव्या रोगाला गावाचं, माणसाचं, प्राण्याचं नाव द्यायचं नाही. आता राणीखेतकरांना काय वाटत असेल बघा!

तेव्हा लिहिताना माझा पायंडा असा : १९१८ बद्दल असेल तर 'मानमोडी' बिनदिक्कत वापरा, कंसात इन्फ्लुएंझा लिहिलं तर नव्या वाचकाची सोय. कोंबडीबद्दल असेल तर 'मानमोडी म्हणजे राणीखेत'. बाकी सगळीकडं फ्लू. आणि साध्या नाकगळतीला फ्लू म्हणू नका, त्याला आपलं पडसं आहे. संस्कृत प्रतिश्यायपासून झिजत झिजत आलेला जुना शब्द तो. सर्दी त्या मानानं अलीकडची, फारसीतून आलेली. विषाणू एकटा लिहिताना णू दीर्घ, पण विषाणुजन्य, विषाणुशास्त्र यांत ऱ्हस्व, एवढं पत्रकं छापणाऱ्यांना कुणीतरी सांगा.

जाता जाता एक. वर मी 'लागण' शब्द वापरला. कोल्हापुरात तो जपूनच वापरावा लागतो. करोनाच्या जुलैत पुण्याहून एका भाच्यानं फोनवर घाबरून विचारलं, "मामा, गावात लागण कितपत झालीय?" मामा म्हणाले, "निम्म्याच्या वर झाली बघ. आमची राहिलीया, बियाणं मिळंना."