निरोप आधी, निकाल नंतर

प्रिय बाळा,

परवा तू विचारलंस, "बाबा, शाळा सोडताना तुमच्याकडचा स्टुडंट लीडर भाषणात काय बोलायचा? आणि मी पुढचे प्लॅन्स सांगायला लागले की आजी 'आधीच बोलू नये' असं का म्हणते?" तोंडी उत्तर द्यायला गेलो तर तिसऱ्या वाक्याला तुझे हेडफोन कानात जातात, म्हणून लिहून देतोय. रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं वाचन एकदा तरी कामी येऊ दे.

तू इथल्या, न्यू जर्सीतल्या शाळेत मुलांनी निवडून दिलेली अध्यक्ष. तसा स्टुडंट लीडर आमच्याकडे महाराष्ट्रात नव्हता. होता तो मॉनिटर. बाई वर्गात नसताना बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, खडू-डस्टर आणायचं, वह्यांचा गठ्ठा शिक्षकांच्या खोलीत पोचवायचा, हे त्याचं राज्य. त्याला निवडायच्या वर्गशिक्षिका, आणि एखाद्या दांडगट मुलाने दंगा करू नये म्हणून त्यालाच मॉनिटर करून टाकण्याची युक्तीही त्यांना ठाऊक असायची. काही शाळांत मंत्रिमंडळ असे, म्हणजे स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री वगैरे. त्यासाठी कुठे चिठ्ठ्या टाकून मतदान होई, कुठे नुसतीच नावं वाचून दाखवत. 5 सप्टेंबरला, शिक्षक दिनी, दहावीची मुलं एक दिवस शिक्षक व्हायची आणि त्यातलंच कुणीतरी मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायचं. सत्ता एवढीच, तीही शाळा सुटेपर्यंत.

कॉलेजात पोचलो तेव्हा तिथल्या निवडणुकाही गेलेल्या होत्या. मारामाऱ्या आणि बाहेरच्या पक्षांचा शिरकाव फार वाढला म्हणून 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने वर्गप्रतिनिधी गुणांवर नेमायचं ठरवलं. म्हणजे परीक्षेत जो पहिला, तो वर्गाचा प्रतिनिधी, मग त्याला चार लोकांत तोंड उघडायची भीती वाटत असली तरी. 2016 च्या नव्या कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आली, पण माझ्या पिढीने कॉलेजात मत मागणारा वर्गमित्र पाहिलाच नाही. तू पोस्टर चिकटवलीस, जेवणाच्या सुट्टीत टेबलाटेबलावर जाऊन मतं मागितलीस, निवडून आलीस. त्यामुळे "मी अध्यक्ष होते" हे वाक्य तुझ्या तोंडी बढाई नाही. ते मुलांनी दिलेलं काम होतं.

आता शाळेच्या शेवटच्या दिवसांबद्दल. आमच्याकडे झगा नाही, गोंड्याची टोपी नाही, नाव पुकारून हातात प्रमाणपत्र देणं नाही. असतो तो निरोप समारंभ, जानेवारी-फेब्रुवारीत. तयारी सगळी नववीची मुलं करतात. फळ्यावर रंगीत खडूंनी कमळं आणि मोर, टेबलावर सरस्वतीचा फोटो, उदबत्ती, खाली सतरंज्या. मुली घरातल्या साड्या नेसून आलेल्या आणि दिवसभर त्या सावरण्यात गुंतलेल्या. दहावीच्या वर्गाने वर्गणी काढून शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं, हे जवळजवळ ठरलेलं. आमच्या शाळेच्या भिंतींवर इतकी घड्याळं होती की दोन वर्गांत वेळ कधी एक नसायची. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांना गुलाबपुष्प आणि मुलांची मनोगतं. सुरुवात सगळ्यांची एकच: "आदरणीय मुख्याध्यापक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो." पुढे पाचवीत घाबरत आलो ते सांगायचं, कुणी कान पिळला ते सांगायचं, शाळेच्या शिपाईमामांचं नाव घ्यायचं आणि "चुकलं-माकलं असेल तर पोटात घाला" म्हणत रडायचं. शेवटी मुख्याध्यापक उठून सांगणार की सोपे प्रश्न आधी सोडवा आणि पेपरच्या आदल्या रात्री जागू नका. आभारप्रदर्शन, बटाटेवडा, घर.

या सगळ्यात "पुढे काय" हे कुणीच बोलत नसे. आजीबद्दलच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. लोक म्हणतात मराठी माणूस बुजरा, स्वतःबद्दल बोलायला लाजतो. तेही असेल थोडं. पण मला विचारशील तर खरं कारण कॅलेंडरमध्ये आहे. निरोप समारंभ होतो परीक्षेच्या आधी. त्यानंतर बोर्डाची लेखी परीक्षा, राज्यभर एकच प्रश्नपत्रिका, तीही आपली शाळा सोडून नेमून दिलेल्या दुसऱ्या केंद्रावर. मग सगळा उन्हाळा वाट पाहणं. आमच्या वेळी निकाल जूनमध्ये लागायचा. त्या टक्क्यांवर ठरणार शास्त्र की वाणिज्य की कला, आणि कुठल्या कॉलेजच्या यादीत नाव येणार. फेब्रुवारीत माईकसमोर उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने "मी डॉक्टर होणार" म्हटलं आणि जूनमध्ये शास्त्र शाखेलाच नंबर लागला नाही, तर ते वाक्य गल्लीत कित्येक वर्षं त्याच्या मागे फिरायचं. म्हणून घरोघरी एकच शिकवण, आधी निकाल लागू दे. नाट लागेल, दृष्ट लागेल हे त्याला वरून दिलेलं कारण.

भविष्याबद्दल बोलायची मुभा होती ती फक्त बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेल्यांना. पेपरात त्यांचा फोटो यायचा, आई पेढा भरवतेय, बाबा शेजारी ताठ उभे, आणि खाली "मला प्रशासकीय सेवेत जायचं आहे". नंतर बोर्डाने ती यादीच बंद केली. चांगलं केलं. बाकीच्या लाखो मुलांना पुढचं काही स्वप्न आहे की नाही हे कुणी विचारलंच नव्हतं.

तुझं कॅलेंडर उलटं आहे. तुला शाळा सोडायच्या आधीच माहीत आहे की सप्टेंबरमध्ये तू कुठे असशील. जूनमधल्या ग्रॅज्युएशनला तू बोलशील तेव्हा सांगण्यासारखी ठरलेली गोष्ट तुझ्या हातात असेल. तेव्हा आमची चुप्पी तू उचलू नकोस. आम्ही गप्प होतो कारण सांगायला काही नव्हतं. तो काही आमचा विनय नव्हता.

पण तुझा मसुदा वाचला आणि एक गोष्ट खटकली. तू "माझा नेतृत्वाचा प्रवास" यावर दीड पान लिहिलंस आणि लेट बसला, म्हणजे शाळा सुटल्यावर थांबणाऱ्या मुलांना घरी सोडणाऱ्या बसला, एक ओळसुद्धा दिली नाहीस. आपल्या इथल्या मराठी मंडळाची वार्षिक सभा आठव. मावळता कार्यवाह उभा राहतो आणि वर्षाचा अहवाल वाचतो. काय ठरलं होतं, काय झालं, काय राहिलं, किती खर्च झाला. सगळे चहाची वाट बघत जांभया देतात, मान्य आहे. पण त्या अहवालात तो स्वतःबद्दल जितकं सांगतो तितकं सांगायला कुणाचीच हरकत नसते. तूही मावळती अध्यक्ष आहेस, अहवाल दे. ज्या मुलांच्या घरी दुपारी गाडी घेऊन येणारं कुणी नाही, त्यांना वाद्यवृंद, रोबोटिक्स, नाटक यांपैकी कशातच राहता येत नव्हतं. तू इथल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्कूल बोर्डाच्या सभेत मिळालेल्या तीन मिनिटांत हे मांडलंस, पुन्हा पुढच्या सभेत मांडलंस, कोण कुठे राहतं याची यादी घेऊन गेलीस. मागितली होती रोज, मिळाली मंगळवार आणि गुरुवार. हे अर्धंच मिळालं म्हणून तू गाळलंस असं मला वाटतं. गाळू नकोस. उरलेले तीन दिवस कोणी मागायचे हे पुढच्या अध्यक्षाला त्या भाषणातूनच कळेल. ज्या सरांनी तुला बजेटचा तक्ता वाचायला शिकवलं त्यांचं नाव घे, आणि त्या बसच्या ड्रायव्हरकाकूंचंही. शिपाईमामांचं नाव घ्यायची आमची पद्धत तेवढी उचल, ती चांगली होती.

"आपण जग बदलणार आहोत" हे वाक्य मात्र काढ. ते प्रत्येक शाळेत, प्रत्येक जूनमध्ये कुणीतरी म्हणतंच.

राहता राहिलं पुढचं. तू काउंटी कॉलेजात, म्हणजे आपल्या जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, शिकून मग सरकारी विद्यापीठात जाणार आहेस, आणि मसुद्यात ते "आय विल कंटिन्यू माय एज्युकेशन" अशा गोल शब्दांत लपवलंयस. का ते मला कळतं. गणपतीच्या कार्यक्रमात "कुठे लागला नंबर?" विचारणाऱ्यांचे चेहरे मीही पाहिलेत. इथल्या मराठी मंडळींना चार-पाच नावांपलीकडे कॉलेज माहीत नसतं, हा त्यांचा प्रश्न आहे. न्यू जर्सीत काउंटी कॉलेजची असोसिएट ऑफ आर्ट्स किंवा असोसिएट ऑफ सायन्स ही दोन वर्षांची पदवी घेतली की तिचे क्रेडिट राज्याच्या सरकारी विद्यापीठात धरले जातात, तसा करारच आहे. तू फी पाहिलीस, आपली ऐपत पाहिलीस, आणि पाण्याच्या इंजिनिअरिंगचं नक्की करायला वेळ हवा हेही पाहिलंस. कॉलेजचं नाव माईकवर स्पष्ट घे. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण त्याच वाटेने जाणार आहेत आणि त्यांच्या अध्यक्षाने ते नाव पुटपुटलं तर त्यांना काय वाटेल?

आजीला फोनवर तूच सांग, मी मध्ये पडत नाही. आता सगळं ठरलंय, त्यामुळे "आधीच बोलू नये" तिला म्हणता येणार नाही. काउंटी कॉलेज म्हणजे काय विचारलं तर म्हण, दहावीनंतर डिप्लोमा करून मग डिग्रीला डायरेक्ट सेकंड इयरला जातात ना, साधारण तसं. तिच्या धाकट्या भावाचा मुलगा त्याच वाटेने इंजिनिअर झाला. त्यानंतर पाऊण तास ती त्याच्याबद्दलच बोलेल, तेव्हा फोन चार्ज करून बस.

तुझा,
बाबा