फॅटी लिव्हर की अल्झायमर? बाबांचे चांगले दिवस आणि वाईट दिवस लिहून ठेवा

बाबांचा गोंधळ फॅटी लिव्हरमुळे आहे की अल्झायमरमुळे, असं विचारणारी तुमची पोस्ट वाचली. बाबा ६८ वर्षांचे, जुनी शुगर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड २. रात्रभर जागे, दिवसा पेंगतात. सोमवारी हिशोब चोख, बुधवारी बाथरूम सापडत नाही. आमच्या घरचं चित्र अगदी हेच होतं. (मी डॉक्टर नाही, डोस डॉक्टरच ठरवतील.)

अल्झायमर महिनोन्‌महिने हळूहळू वाढत जातो, दोन दिवसांत माणूस ताळ्यावर येत नाही. नुसत्या फॅटी लिव्हरनेही असा गोंधळ होत नाही. पण आत सिरोसिस झाला असेल, म्हणजे लिव्हर कडक होऊन निकामी होत असेल, तर आतड्यातला अमोनिया लिव्हरमध्ये न गाळला जाता मेंदूपर्यंत जातो आणि असेच चढ-उतार दिसतात. बद्धकोष्ठ, इन्फेक्शन, झोपेची गोळी, यांतलं काहीही निमित्त पुरतं.

ग्रेड २ म्हणजे फक्त चरबी. लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळत नाही. त्याचा अंदाज देणारा फिब-४ हा आकडा रक्ताच्या रिपोर्टवरून काढा (एएसटी आणि एएलटी ही लिव्हरची एन्झाइम्स): वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). वय ६८, एएसटी ६२, प्लेटलेट १.१ लाख (म्हणजे ११० हजार) आणि एएलटी ४४ धरले तर ५.८ येतं. पासष्टीनंतर २ च्या आत असेल तर बरं, २.६७ च्या वर गेलं तर गॅस्ट्रोकडे (पोट-लिव्हरच्या डॉक्टरकडे) जा, लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करा.

आता अमोनियाची टेस्ट. आमचा सगळ्यात जास्त वेळ हिनेच खाल्ला. गल्लीतल्या कलेक्शन सेंटरने रक्त घेतलं आणि ट्यूब ट्रेमध्ये ठेवून दिली. नागपूरचा मे महिना, आणि ट्यूब न्यायला पोऱ्या दुपारी येणार! ट्यूबमध्ये रक्तपेशी अमोनिया बनवतच राहतात, आकडा फुगतो. विचारलं तर म्हणे, "आमची प्रोसेस हीच आहे." दुसरीकडचा आकडा बराच कमी आला, मग खरा कोणता यावरच घोळ. म्हणून ज्या हॉस्पिटलात मशीन आहे तिथेच द्या. सॅम्पल बर्फात ठेवता का, लगेच सेंट्रिफ्यूज करता का (मशीनमध्ये फिरवून रक्तपेशी वेगळ्या करता का), हे आधी विचारा. रक्त घेताना बाबांना मूठ आवळू देऊ नका. तरी वाढीव आकडा एकटा काही सिद्ध करत नाही. नॉर्मल आला तर मात्र दुसरं कारण शोधा.

घरी करण्यासारखं: हात समोर ताठ, मनगटं मागे वाकवून, बोटं पसरून अर्धा मिनिट धरायला सांगा. पंजे फडफडले तर ती लिव्हरमुळे मेंदूवर परिणाम झाल्याची खूण असू शकते. एका मिनिटात ते किती प्राण्यांची नावं सांगतात, ते मोजा. अल्झायमरमध्येही ती कमी येतात, म्हणून चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही दिवशी मोजा, फरक बघा.

डॉक्टरांनी लॅक्टुलोज (शौच मऊ करून अमोनिया कमी करणारं औषध) दिलं तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच पुरे. जुलाब झाले तर पाणी कमी होऊन पुन्हा गोंधळ. डाळ-अंडी बंद करायला सांगणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. रात्री झोपताना थोडं खायला द्या. गुळवेलीचा काढा मात्र थांबवाच, त्याने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आपल्याच देशात आहेत.

शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ ची टेस्ट करून घ्या, सोबत थायरॉइड आणि सोडियम. मध्यंतरी डोक्यावर पडले असतील तर सीटी स्कॅन आधी. काळं शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.