फक्त हेच ऑपरेशन करणारी डॉक्टर व्हायचंय

प्रिय विद्यार्थिनी,

तुझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा बेंबीच्या उजवीकडच्या छिद्रातून त्याची आतडी बाहेर होती. ऑपरेशनने तो बरा झाला आणि तुला आता ‘फक्त हेच ऑपरेशन करणारी डॉक्टर’ व्हायचंय. आई नर्सिंग सुचवते, ते तुला कमीपणाचं वाटतं.

फक्त हेच करणारं कुणी नसतं. तुझ्या भावाला होता तो गॅस्ट्रोस्किसिस, म्हणजे आतडी पोटाबाहेर असण्याचा जन्मदोष, काही हजार जन्मांत एखाद्या बाळाला होतो. ते काम पेडियाट्रिक सर्जनचं, म्हणजे लहान मुलांच्या सर्जनचं, आणि त्यांचे बाकीचे दिवस हर्निया, अपेंडिक्स, बंद अन्ननलिका यांत जातात. वैद्यकीय पदवी, पुढे सर्जरी, मग बालशल्यचिकित्सा असं शिकताना १० वर्षं सहज जातात.

बाबांच्या मोबाइलमधले सायलोचे, म्हणजे भावाची आतडी ठेवलेल्या त्या पिशवीचे, फोटो तू अजून बघतेस, असं लिहिलंस. मला पत्रातली तीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटली. सायलो का लावला, ठाऊक आहे? आतडी सुजलेली आणि पोट एवढंसं. ती एकदम आत कोंबली तर पोटातला दाब वाढतो, बाळाला श्वास घेता येत नाही, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. म्हणून ती पारदर्शक पिशवीत ठेवून वर टांगतात आणि रोज थोडी थोडी आत सरकवतात. दर फेरीला आतड्यांचा रंग बघायचा: गुलाबी असला तर ठीक, काळपट दिसला तर लगेच हालचाल. पोट बंद झालं तरी आतडी लगेच चालत नाहीत. नाकातोंडातल्या नळीतून हिरवं पाणी येणं थांबेपर्यंत, कधी कित्येक आठवडे, पोषण शिरेतूनच द्यावं लागतं.

ती नळी, ती शीर, तासातासाची लघवी सांभाळतं कोण? एनआयसीयूतली, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातली नर्स. उत्तम सोयी असलेल्या देशांत यातली ९० टक्क्यांहून जास्त बाळं वाचतात; नवजात अतिदक्षता आणि शिरेतलं पोषण नसलं की बरीच दगावतात. नुसत्या टाक्यांनी हे बाळ वाचत नाही. त्यामुळे आईचं म्हणणं उडवून लावू नकोस. नवजात बाळांची नर्स किंवा भूलतज्ज्ञ होणं ही दुय्यम निवड नाही.

तुला सर्जरीच हवी असेल तर जरूर कर, माझा पाठिंबा आहे. आत्ता जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्कं कर. सुट्टीत भावाच्या सर्जनना भेटून विचार, रात्री किती वेळा उठावं लागतं. त्याच वॉर्डातल्या सिस्टरनाही हाच प्रश्न विचार. दोन्ही उत्तरं ऐकून मला पुन्हा लिही.