वैद्यकीय संशोधनाचा विषय गावकरी ठरवू शकतात का?
हो, नक्कीच, गडचिरोलीत ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेत ते झालंय. तिचे सहसंस्थापक डॉ. अभय बंग जाहीरपणे सांगतात, की त्यांनी आधी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं, पण लोकांच्या लेखी ती गरजच नव्हती. मग लोकांना विचारून कामाची दिशा ठरू लागली. मोठ्या इमारतीच्या दवाखान्याची भीती वाटते, असं आदिवासींनी सांगितलं, तेव्हा झोपड्यांसारखं रुग्णालय उभं राहिलं, नाव आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं. पुढे गावातल्याच बायकांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या त्या अभ्यासात नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. मात्र लोकांना विचारायचं ते संशोधनाचा आराखडा ठरण्याआधी. नंतर घेतलेली सही म्हणजे फक्त संमती, आणि अभ्यासात किती जण घ्यायचे, तुलना कोणाशी करायची, हे संशोधकांनीच बघावं.