मुलांना लगेच बोलतं करू नकोस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

दरडीच्या बचावकामावरून आपल्या स्वयंसेवक मुलांची टीम परतली की त्याच रात्री सगळ्यांना दादरला गोलात बसवून मन मोकळं करायला लावायचं, असं तू लिहिलंयस. ते करू नकोस. दिवसभर चिखलातून मृतदेह काढलेल्या पोराला तेच पुन्हा दहाजणांसमोर सांगायला लावलं की त्याला हलकं वाटेलच असं नाही. उलट ज्यांनी ते पाहिलं नव्हतं, त्यांच्याही डोक्यात ते जाऊन बसतं. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची २०११ची पुस्तिकाही तपशील उकरायला सांगत नाही. बघा, ऐका, मदतीशी जोडून द्या, एवढाच तिचा गाभा. आपल्या मुलांनाही तेच लागू. त्या रात्री त्यांना आंघोळ, गरम जेवण आणि झोप हवी असते. कुणी आपणहून बोललाच, तर ऐक. मध्येच ‘तू तर हिरो आहेस’ म्हणू नकोस, पुढचं तो गिळून टाकतो.

खरं काम निघण्याआधीचं. जोड्या लाव, एक जुना, एक नवा. पाळी संपली की माणूस हटलाच पाहिजे. (‘मी ठीक आहे’ असं सगळ्यात जोरात म्हणणाऱ्यावर जास्त लक्ष ठेव.) मृतदेहांजवळ नवखे नकोत आणि तिथले फोटो ग्रुपवर तर अजिबात नकोत.

सगळ्यात जड जातं ते थांबणं. २०२३च्या जुलैत दरडीखाली गाडल्या गेलेल्या इर्शाळवाडीतलं शोधकार्य चौथ्या दिवशी थांबवलं, तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. अशा ठिकाणाहून उतरताना ‘अजून थोडं खणलं असतं तर’ हे मनात राहतंच. म्हणून थांबायचं कुणी ठरवलं आणि का, हे मुलांना तिथेच, डोंगर उतरण्याआधी सांग. नाहीतर तो निर्णय आपलाच होता असं धरून ती घरी जातात.

आणि मग सोमवारी तीच लोकल, तेच ऑफिस. चौथ्या सीटवरून भांडणाऱ्यांचा पोराला भयंकर संताप येईल. सुरुवातीला झोप उडणं, चिडचिड होणं साहजिक आहे. पण महिना उलटूनही तेच चाललं असेल किंवा दारू वाढली असेल, तर केईएम, सायन किंवा नायर हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा. नुसता पत्ता देऊ नकोस, सोबत जा. जगणं नको झालंय असं कुणी बोलला, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो.

तुझ्या यादीत सगळ्यांच्या पाळ्या आहेत, तुझी कुठेच नाही. तू झोपशील तेव्हा टीम कोण बघणार, ते नाव निघण्याआधी मला कळव.